सामाईक

आम्हां वकिलांना 'सामाईक' या शब्दाने जितके अन्न घातले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने घातले नसेल. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत! एका वस्तूवर दोघांचा हक्क आला की तिसऱ्याच्या, म्हणजे आमच्या, चुलीची चिंता मिटते. परंतु यंत्रांतही सामाईकपणाचे तंटे असतात आणि त्यांचा निवाडा आमच्याच रीतीने करावा लागतो, हे मला राजेश्वरच्या माझ्या कचेरीत उमगले.

कचेरीत संगणक दोन. बाहेरच्या खोलीतला जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा. त्याची डिस्क सामाईक, आणि पक्षकारांचे सारे दप्तर तिच्यावर. आतल्या खोलीत नवा संगणक आला, पण त्याला ती डिस्क काही केल्या उघडेना. दुसऱ्याच दिवशी बसवकल्याणच्या न्यायालयात एका वृद्ध विधवेच्या वाटणीच्या दाव्याची तारीख होती. निजामाच्या अमलातील एका उर्दू महसुली कागदाचे भाषांतर त्या डिस्कवरच होते, आणि ते करून देणारे मुनशी आता हयात नव्हते.

अशा प्रसंगी आमचे शास्त्र सांगते की, आधी अंतरिम आदेश आणि मग सुनावणी. जुन्या यंत्राला पेनड्राइव्ह लावून भाषांतराची नक्कल प्रथम उतरवून घेतली. "वकीलसाहेब, आता या दोघांना खुशाल भांडू द्या," असे म्हणून माझा तरुण सहायक कामाला लागला, आणि मी मुद्दे काढीत बसलो.

पहिला मुद्दा वाटेचा. तार नीट बसली आहे काय, दिवे लुकलुकतात काय, आणि दोन्ही यंत्रांना पत्ते मिळाले आहेत काय? पत्ता 169.254 या आकड्यांनी सुरू होत असेल तर समजावे की, पत्ते वाटणाऱ्याची गाठ पडली नाही आणि यंत्राने आपला दाखला आपणच लिहून घेतला आहे.

दुसरा मुद्दा नावाचा. आकडी पत्त्याने दार उघडते आणि नावाने उघडत नाही, तर दोष दाराचा नव्हे, नावांच्या नोंदीचा. जुन्या जाळ्यात ही यादी सांभाळणारे यंत्र इतर यंत्रांतून चक्क निवडणुकीने ठरते! ते अकस्मात बंद पडले तर नवी यादी जमेपर्यंत बराच वेळ जातो; तेवढा धीर धरावा.

तिसरा मुद्दा अधिकाराचा. देवस्थानाच्या भांडाराला दोन कुलुपे असावीत आणि किल्ल्या दोन विश्वस्तांकडे असाव्यात, तसा हा प्रकार. जाळ्यावरून येण्याची परवानगी वेगळी, फोल्डरची वेगळी. दोहोंत जी अधिक संकुचित तीच चालते. शिवाय ज्या खात्याला पासवर्ड नाही त्याला एक्सपी जाळ्यावरून आत घेत नाही, आणि तिच्या 'प्रोफेशनल' आवृत्तीत एका वेळी दहांहून अधिक पाहुण्यांची सोय नाही.

हे तिन्ही मुद्दे आमच्या बाजूने निकाली निघाले. उरला चौथा, भाषेचा. आणि खरा तंटा तोच होता. दोन यंत्रे भेटली की प्रथम कोणत्या बोलीत बोलायचे हे ठरवितात. या संकेतांच्या आवृत्त्यांना शास्त्रातही 'बोली' असेच नाव आहे. एक्सपीला पहिलीच बोली येते. दुसरी 2007 साली बाजारात आलेल्या व्हिस्टाबरोबर आली. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाची कीड जगभर पसरली आणि ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांचेही काम तिने अडविले. ती त्या पहिल्या बोलीच्या वाटेनेच शिरत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज 10 च्या नव्या आवृत्त्यांत ती बोली सहसा बसविलेलीच नसते.

"पाच मिनिटांत चालू करून देतो," सहायक म्हणाला. ते खरेही होते. परंतु ज्या दारातून चोर आल्याचे ठाऊक आहे, ते केवळ सवयीपोटी उघडे ठेवणे मला पटेना. पक्षकाराचे कागद ही ठेव आहे. तिचा मालक मी नव्हे. सारे दप्तर नव्या यंत्रावर हलविले, सामाईक डिस्क आता तिथली, आणि जुन्या यंत्राची तार काढून घेतली.

ते अजून चालते. त्याच्या पोटातले एक अक्षरही पुसलेले नाही; फक्त त्याची बोली जाणणारा शेजारी उरला नाही. आमच्या भागातील उर्दू आणि मोडी कागदांची गत याहून निराळी काय आहे? हा मुलूख 1948 साली निजामाच्या सत्तेतून सुटला, 1956 साली म्हैसूर राज्यात गेला; कागद जिथल्या तिथे राहिले आणि वाचणारे एकेक करून गेले. यंत्राचे दप्तर एका संध्याकाळी हलविता आले, कारण दोन्हीकडची भाषा जाणणारा एक तरुण हाताशी होता. घरातल्या पेटीत तसे कागद असतील, तर ते वाचू शकणाऱ्या वृद्धाच्या घरची पायरी या महिन्यातच चढावी. कागदाला वाळवी लागेपर्यंत वेळ असतो; वाचणाऱ्याच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही.