मूत्रपिंडाची वार्ता डोळ्यांत

एकत्र कुटुंबांत एकाच्या दुखण्याची वार्ता पुष्कळदां दुसऱ्याच्याच तोंडून कळते. शरीराचाही तोच न्याय आहे. मूत्रपिंडें वर्षानुवर्षें झिजत असतां स्वतः अवाक्षर काढीत नाहींत. त्यांची तक्रार कधीं कधीं डोळा सांगतो.

आमच्या थोरल्या बंधूंना वर्तमानपत्रांतील अक्षरें पुसट दिसूं लागलीं, तेव्हां चष्म्याचा नंबर बदलला असेल असें म्हणून ते नेत्रवैद्यांकडे गेले. त्यांनीं डोळ्याच्या आंत पाहिलें आणि नंबर देण्याआधीं रक्तदाब मोजला. दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके होते, सूज होती. रक्तदाब फारच चढला होता. पुढें रक्त व लघवी तपासतां मूत्रपिंडें बरींच निकामी झाल्याचें ठरलें.

हा संबंध वैद्यकास नवा नाहीं. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं मूत्रपिंडाच्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ यांनीं नेत्रदर्शक यंत्र पुढें आणलें, आणि जिवंत मनुष्याच्या रक्तवाहिन्या डोळ्यांतून प्रत्यक्ष पाहतां येऊं लागल्या. मूत्रपिंडांतील व दृष्टिपटलांतील सूक्ष्म वाहिन्या सारख्याच नाजूक. मधुमेह व रक्तदाब दोहोंवरही घाला घालतात. शिवाय मूत्रपिंड अधू झालें कीं रक्तदाब अधिकच चढतो, आणि त्याचा भार पुन्हां डोळ्यांवर पडतो. सकाळीं पापण्यांना येणारी सूज, रक्तक्षयाचा फिकटपणा, डोळ्यांची कोरड हींही चिन्हें दिसतात. रक्तांत फॉस्फरस सांचला म्हणजे कॅल्शियमचे क्षार डोळ्यांत बसून डोळे लाल होतात. त्यास जागरण समजून गुलाबपाणी घालणें व्यर्थ होय.

रक्तदाब आटोक्यांत आल्यावर बंधूंची दृष्टि बरीचशी परतली. मूत्रपिंडें मात्र परतलीं नाहींत. आतां आठवड्यांतून तीन वेळां डायालिसिस करावें लागतें. चार-चार तास एका जागीं पडून राहणाऱ्या मनुष्याला वाचतां येणें हा केवढा आधार असतो, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे.

म्हणून वाचकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, घरांत मधुमेहाचें वा रक्तदाबाचें माणूस असल्यास वर्षांतून एकदां तरी त्याचें दृष्टिपटल तपासून घ्यावें, आणि त्याबरोबरच लघवींतील प्रथिनें व रक्तांतील क्रिएटिनिन पाहावें. वडील मंडळी “आतां वय झालें” म्हणून टाळतील. वय तर होतच असतें. पण अंधुक दिसण्याचें कारण प्रत्येक वेळीं वयच असतें असें नाहीं.