जुन्या भिंती आणि नवं नेट

आपल्या समूहात जुन्या धारवाडच्या आठवणी पुष्कळ येतात. आज नव्या काळातली, पण जुन्या घरात घडलेली गोष्ट लिहितोय. ज्यांची घरं आमच्यासारखी दगडमातीची आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

मळमड्डीतलं आमचं घर वडिलांच्या वेळचं. मंगळुरी कौलं, दीड-दोन फूट रुंद भिंती, पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परस. गेल्या पावसाळ्यात सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी बंगळूरहून सहा आठवड्यांसाठी आली, ऑफिसचं काम घरूनच करायचं ठरवून. सौ.ची कॉट माजघरात. वॉकर धरून उठताना शेजारी माणूस हवंच, म्हणून मुलीचं टेबलही तिथंच मांडलं.

तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पडद्यावरची माणसं गोठली, आवाज तुटला. चौथ्या दिवशी दोनदा तसंच. मुलगी म्हणाली, "बाबा, असंच चाललं तर रविवारी मला परत जावं लागेल. आणि खरं सांगू? ह्या भिंती आहेत तोवर काही खरं नाही. हुबळीत एखादा फ्लॅट बघू या."

सौ. कॉटवरून म्हणाली, "भिंतींना कशाला बोल लावतेस? उन्हाळ्यात इथं पंखा लागत नाही तो कुणामुळं?"

नेटवाल्यांचा मुलगा आला. सोप्यातल्या राउटरपाशी मोबाइल धरून बघितला, "लाइन बरोबर ऐत्री, सर" म्हणाला आणि गेला. म्हणजे लाइन बरोबर, आणि आमची तक्रारही बरोबर!

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. संध्याकाळी टॅली लागली नाही तर आम्ही सगळी पुस्तकं एकदम उघडत नसू. आधी फरक किती ते बघायचं. तो 9 ने भागला गेला तर बहुतेक आकडे उलटसुलट लिहिले गेलेत, 54 चे 45 झालेत. मग एकेक पुस्तक बाजूला काढत जायचं. इथंही तेच केलं. वही घेतली. किती वाजता, कुठल्या खोलीत, कुणाचं नेट गेलं, दोन दिवस लिहून काढलं.

मग पहिली परीक्षा. मुलीचा लॅपटॉप राउटरला वायरनं जोडला. आमचं कनेक्शन 100 एमबीपीएसचं. वायरवर 94 आले. वायर काढून तिथंच वायफायवर बघितलं, जवळपास तेवढंच. माजघरात टेबलापाशी बघितलं तर 3! म्हणजे घरापर्यंत नेट पोचतंय, घरात हरवतंय. ही एक परीक्षा प्रत्येकानं आधी करावी. वायरवरही वेग कमी असेल तर तक्रार करा. नसेल तर दोष घरात शोधा.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास नेट पार बसायचं, आणि लगेच परत यायचं. त्या वेळी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हवर आमटी गरम होत असे. मायक्रोवेव्ह साधारण 2450 मेगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा जुना पट्टाही 2.4 गिगाहर्ट्झचाच. ओव्हनमधून जे किंचित बाहेर येतं त्यानं माणसाला अपाय नाही, पण वायफायला तेवढा गोंगाट पुरतो. म्हणजे 'नेट जातं' हे आम्ही एकच वाक्य बोलत होतो, आणि त्यात आजार दोन होते.

भिंतींचं म्हणाल तर मुलगी अर्धी खरी होती. आपली धारवाड आकाशवाणी 1950 साली सुरू झाली. तिचं मीडियम वेव्ह केंद्र 765 किलोहर्ट्झवर, म्हणजे एकेक लहर सुमारे 390 मीटर लांब. ह्याच भिंतींतून ती माजघरात सुखानं यायची. वायफायच्या लहरी 2.4 वर साडेबारा सेंटीमीटर, 5 गिगाहर्ट्झवर जेमतेम सहा. जाड भिंत त्यांना गिळते, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर जास्तच. वाटेत स्टीलचं कपाट असलं तर विचारूच नका.

दुकानदार म्हणाला, रिपीटर लावा. पण रिपीटर जे ऐकू येतं तेच पुढं सांगतो. त्यालाच ऐकू येत नसेल तर काय सांगणार? आम्ही सरळ वायर ओढायचं ठरवलं. लॅनची वायर 100 मीटरपर्यंत चालते, आम्हाला वीसच लागली. भिंत फोडावी लागली नाही. वडिलांनी सिलोन ऐकण्यासाठी रेडिओची एरियल ओढली होती, तिचं भोक सोपा आणि माजघराच्या मधल्या चौकटीत अजून होतं. त्यातूनच वायर नेली. माजघराच्या टोकाला एक जुना राउटर जोडला आणि त्याचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं. एकाच हॉलमध्ये दोन काउंटरांनी टोकन वाटली तर काय होतं ते बँकवाल्यांना सांगायला नको. लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर घेतला, मायक्रोवेव्हचा त्रास मिटला. आणि दोन्ही राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, नाहीतर लाइट गेली की सगळं मुसळ केरात.

माजघरात आता 80 च्या वर वेग येतो. मुलगी सहा आठवडे पूर्ण राहिली. एका मीटिंगच्या मधेच सौ. वॉकरशिवाय चार पावलं चालली, आणि मुलीनं माइक बंद करून टाळ्या वाजवल्या. सौ.ला त्या टाळ्यांचं जास्त कौतुक, मला मीटिंग तुटली नाही ह्याचं.

फ्लॅटचा विषय नंतर कुणी काढला नाही. तुमच्या जुन्या घरात काय युक्ती केलीत, जरूर लिहा. आमच्या स्वयंपाकघरात अजून रेंज थोडी कमीच आहे.