मोबदल्याचा रकाना

नवराबायकोने वेगळे होण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत! काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, आणि आता कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेला घटस्फोट. त्यांतल्या फारकतीचे मला पहिल्यापासून कुतूहल आहे. हा शब्द मुळी संसारातला नव्हेच, हिशेबातला. फारखत म्हणजे देणेघेणे फिटल्याचा, मोकळीक दिल्याचा कागद. सावकाराचे कर्ज फिटले की फारखत, भावाभावांची वाटणी झाली की फारखत, आणि संसार मोडला तरी फारखतच. काडीमोडीला एक काडी पुरते. फारकतीला कागद लागतो. आणि कागद आला की लिहितावाचता येणारे एखादे माणूस शेजारी बसवणे आले.

आमच्या उत्रोलीत ते माणूस बहुधा मी असते. मॅट्रिक झाले, शाळेत शिकवते आणि कादंबऱ्याही लिहिते. गावाला हे सगळे ठाऊक आहे. पण गावाचा विश्वास माझ्या कादंबऱ्यांवर नसून अर्जांवर आहे. तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन म्हणाली, "बाई, भोरला वकिलांकडं चला. आमचा कागद व्हायचाय. तुम्ही नुसतं वाचून सांगा," तेव्हा मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते तिच्या मागे अंगणात तो उभा होता याचे. दोघे एकाच मोटारसायकलवरून आली होती. वेगळे व्हायला एकत्र यावे लागते, हे त्या दिवशी पाहिले.

भांडण का झाले ते इथे सांगत नाही. ते त्यांचे आहे. दोघे दीड वर्ष वेगळी राहत होती आणि दोघांची संमती होती. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याचे १३-ब हे कलम त्यात आले १९७६ साली. वर्षभर वेगळे राहिलेले असावे, अर्ज केल्यावर सहा महिने थांबून पुन्हा विचार करावा, अशी त्याची रीत. ते सहा महिने योग्य कारण असेल तर माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण यांना घाई नव्हती. यांना घोर होता वाटणीचा.

कादंबरीत घटस्फोट फार सोपा असतो. नायिका उंबरठा ओलांडते, मागे दिवा मिणमिणत असतो, प्रकरण संपते. पितळी घंगाळ कोणी नेले हे कोणताही कादंबरीकार सांगत नाही. वकिलांच्या संगणकाला मात्र तेच हवे होते. त्यांनी दस्त तयार करण्याचे एक सॉफ्टवेअर घेतले आहे. मजकुराचे साचे त्यात तयार असतात. नावगाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा भरत गेले की दस्त आपोआप उतरतो. एखादा रकाना मोकळा ठेवला की यंत्र पुढे सरकत नाही. आमच्या शाळेतल्या तपासनीसांचीच आठवण झाली.

वाटायचे होते ते असे: बावीस गुंठ्यांचे भातखाचर, दोघांच्या नावावर खरेदी केलेले, एक पॉवर टिलर, त्यावरच्या कर्जासह, शिलाई मशीन, भांडीकुंडी. राहते घर सासऱ्यांचे, म्हणून ते यादीत नव्हतेच. मुलगी आईकडे राहणार, रविवारी बापाकडे जाणार. हे दोघांनी इतक्या सहज सांगितले की वकिलांची बोटे क्षणभर थांबली.

अडले ते खाचरापाशी. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कायदा आहे. दुसरा करार केलेला नसला तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता समाईक होते आणि अर्धी-अर्धी मानली जाते. आपल्याकडे तसे नाही. बायकोला पोटगी मागता येते, तिचे स्त्रीधन तिचेच राहते, हे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले आहे; पण नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत केवळ बायको म्हणून तिचा अर्धा हिस्सा होत नाही. हिचे नाव सातबाऱ्यावर होते म्हणून निभावले. मग अर्धे-अर्धे का नको? तर अकरा-अकरा गुंठ्यांचे तुकडे पाडणे वकिलांना पसंत पडेना. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून मानेवर बसलेला. शिवाय तो स्वतःच म्हणाला, "बांधाला बांध नको. लग्नात नाही तेवढी भांडणं बांधावर होतील." खाचर तिला, टिलर आणि कर्ज त्याला, असे ठरले. त्याने आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र लिहून द्यायचे.

आता हक्कसोडपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण येते? बहीण. आपल्या राज्याने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही काढून टाकली. आणि तरीही भाऊबीजेची ओवाळणी घेऊन बहिणी सही करून जातातच. यंत्रालाही ते पाठ असावे. साचा उघडला तर पडद्यावर आपोआप उमटले: "मी माझे भावाचे लाभात नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, विनामोबदला, राजीखुशीने हे हक्कसोडपत्र लिहून देते." वकिलांनी 'भावाचे' खोडून 'पत्नीचे' केले, 'देते'चे 'देतो' केले आणि पुढे जाऊ लागले.

मी वाचण्यासाठीच आले होते. मी ते वाक्य मोठ्याने वाचले.

खोलीत कोणी बोलेना. तो मान खाली घालून बसला. शेवटी तीच म्हणाली, "प्रेमापोटी कशाला लिहिता? आणि विनामोबदला तर मुळीच नको. खाचर घेतलं तेव्हा माझे पाच तोळे मोडले होते. ह्यांनीच भोरला नेऊन मोडले." मोडायला निघालेल्या नवऱ्याला ती अजून 'हे'च म्हणत होती, दुसरे सर्वनाम तिच्यापाशी नव्हते.

वकील समजावू लागले. मोबदला लिहिला की मुद्रांक शुल्काचा हिशेब बदलतो. हा साचा नेहमीचा आहे. जमीन तर तुम्हालाच मिळते आहे, मग शब्दांचे काय? वकिलांचे काही चुकत नव्हते. पण शब्दांचे काय, हा प्रश्न माझ्यासारखीपुढे करू नये. विनामोबदला लिहिले की ते खाचर त्याचे दान ठरणार. उद्या मुलगी मोठी होऊन कागद वाचील, तेव्हा तिला दिसणार की बापाने उदार होऊन दिले आणि आईने घेतले. नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन केली. त्या मोहिमेमागचा विचारही हाच होता: हे दान नव्हे, थकलेले देणे आहे.

तो बराच वेळ बोलला नाही. त्याची अडचण मला दिसत होती. राजीखुशीने दिले म्हटले तर गावात मान राहतो. बायकोच्या सोन्यावर जमीन घेतली होती असे कागदावर आले तर चावडीवर चार माणसे हसणार. मी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले. मग तो वकिलांना म्हणाला, "पाच नाही, साडेपाच होते. पाटल्या पाच आणि अंगठी अर्धा. लिहा."

मार्ग वकिलांनीच काढला, आणि तो चांगला काढला. कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींत एक स्वतंत्र कलम घातले: सदर मिळकत खरेदी करतेवेळी अर्जदार पत्नीचे साडेपाच तोळे स्त्रीधन खर्ची पडले, हे उभयतांस मान्य आहे. हक्कसोडपत्रात त्या अटींचा हवाला दिला आणि 'प्रेम व आपुलकी' काढून टाकली. यंत्राने दोनदा कुरकुर केली. मग गप्प बसले.

नोंदणीच्या दिवशी मी साक्षीदार होते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आता दौत-टाक नाही. आय-सरिता नावाची सरकारी प्रणाली २०१२ पासून चालू आहे. काचेवर अंगठा ठेवायचा, छोट्याशा कॅमेऱ्याकडे पाहायचे, की झाले. त्याला छायाचित्रासाठी बसवले तेव्हा सवयीने ती पुढे झाली आणि त्याची कॉलर नीट करून मागे सरली. कारकुनाच्या ते ध्यानातही आले नसेल.

फेरफाराची नोटीस लागली, तेव्हा खाचरात तरवा हातभर झाला होता. त्या आठवड्यात पाऊस असा लागला की साऱ्या गावाची लावणी एकदम आली. चिखलणीला टिलर मिळेना. दोन दिवस वाट पाहून तिने त्यालाच निरोप धाडला. तो सकाळी सातला टिलर घेऊन आला, दुपारपर्यंत बावीस गुंठ्यांचा चिखल करून दिला आणि तासाचा गावात चालू असलेला दर लावून भाडे घेतले. तिने पैसे मोजून दिले आणि पावती मागून घेतली.