डबीतले निनावी चेहरे

वॉशिंग्टन येथील कॅपिटल टेकडीवर, संसदभवनाच्या शेजारी, ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ हे जगद्विख्यात ग्रंथालय उभे आहे. प्रवासी बहुधा जेफरसन इमारतीचे वैभव पाहून परततात. रस्त्यापलीकडच्या मॅडिसन इमारतीत मात्र छायाचित्रांचा विभाग आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील, सैनिक आणि त्यांच्या पत्नी तळहाताएवढ्या डब्यांमधून तेथे जपलेल्या आहेत.

ही डबी दागिन्याच्या डबीसारखीच असते. बाहेर लाकडावर मढवलेले कातडे, किंवा लाख व लाकडाचा भुसा साच्यात दाबून घडवलेले नक्षीचे कवच. आत मखमल, पितळी चौकट आणि काचेवर अथवा लोखंडी पत्र्यावर उमटलेले चित्र. निगेटिव्ह नसल्यामुळे प्रत्येक चित्र एकमेव. ते आरशातल्यासारखे उलटे उमटते, म्हणून सैनिकाच्या पट्ट्यावरील अक्षरेही उलटी दिसतात. गालांवर गुलाबी छटा आणि गणवेशाच्या गुंड्यांवर सोनेरी रंग पुष्कळदा हाताने दिलेला असे.

या विभागातील एक मोठा संग्रह टॉम लिल्येनक्विस्ट या जवाहिऱ्याने आपल्या तीन मुलांसह जमवला आणि २०१० साली त्यातील सुमारे ७०० चित्रे ग्रंथालयास अर्पण केली. पुढेही त्यात भर पडत गेली. २०११ च्या प्रदर्शनात उत्तरेकडील ३६० सैनिकांची चित्रे मांडली होती, दर हजार मृतांमागे एक; दक्षिणेकडील ५२, दर पाच हजारांमागे एक.

यांतील बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. जुन्या वस्तूंच्या बाजारात नाव असलेल्या चित्राला अधिक भाव येतो, यात नवल नाही. एका चित्रात कृष्णवर्णीय सैनिक, पत्नी व दोन लहान मुली आहेत. ते मेरीलंडमध्ये सापडले, म्हणून तो तिथल्याच एखाद्या पलटणीतला असावा असा तर्क होता. पुढे शोध लागला, की तो केंटकीत उभारलेल्या ११९ व्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीचा सार्जंट सॅम्युएल स्मिथ. पत्नी मॉली, मुली मेरी आणि मॅगी. चित्र तेच, पण आता ते एक कुटुंब झाले.

दुसऱ्या चित्रात शोकवस्त्रातील एक मुलगी घोडदळातील पित्याचे चौकटीतले छायाचित्र हाती धरून बसली आहे. तिचे नाव आजही सापडलेले नाही.

वाचकहो, आपल्या पेढीच्या जुन्या कपाटात, माळ्यावरच्या पेटीत अशी छायाचित्रे असतीलच. पणजोबांच्या शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीला ओळखणारी एखादी आजी अजून घरात असेल. येत्या रविवारी तिच्यापाशी बसावे, आणि ती सांगेल ते नाव, गाव व नाते मऊ पेन्सिलीने छायाचित्रामागे लिहून ठेवावे.