बायकांनी मिळून वेळासला जावे

मैत्रिणींनो, सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे आधी काय येते? समुद्र? डोंगर? माझ्या डोळ्यांपुढे, खरं सांगते, कणकेची परात येते! पहाटे तीनला उठून तिखटामिठाच्या पुऱ्या, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, ह्यांचा टॉवेल. घरच्या सहलीत आपला ओटा सुटत नाही, फक्त गाव बदलते. म्हणूनच आज एका निराळ्या फिरण्याविषयी लिहिते आहे. फक्त बायकांनी, सावकाश, आणि थोडे काम हाती घेऊन केलेले फिरणे.

आम्ही साताऱ्याच्या नऊ जणी. मी दुपारच्या शाळेत तीन तास शिकवते, त्यामुळे पहाट तेवढी माझी. इतरांचेही तसेच. सहाच्या ठोक्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जमायचे आणि गड चढायचा. नियम एकच. सर्वांत थोरल्या वहिनी ज्या वेगाने चालतील तो सगळ्यांचा वेग. वहिनींनी साठी ओलांडली आहे. उन्हाळ्यात प्रत्येकीने पाण्याची एक जादा बाटली न्यायची आणि वाटेवरच्या रोपांना घालायची. एका बाटलीने काय होते, असे कुणी विचारील. पण नऊ जणी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे चोपन्न बाटल्या झाल्या की नाही?

यात एक गंमत माझ्या लक्षात आली. ‘फिरायला जाते’ म्हटले की घरात कुणाच्या तरी कपाळाला आठी पडते. ‘झाडांना पाणी घालायला जाते’ म्हटले की पडत नाही! बाईला कामासाठी रजा मिळते, विसाव्यासाठी मिळत नाही. तुमच्याकडे काय अनुभव आहे?

मार्चमध्ये वेळासला जायचे ठरले तेव्हाही तेच झाले. आठ जणींनी घरी सांगितले, ‘कासवांचं काम आहे, किनारा साफ करायचा आहे.’ वहिनींनी मात्र सरळ सांगितले, ‘मी समुद्र बघायला चालले आहे. शुक्रवारी जाणार, रविवारी रात्री येणार. आमटी तेवढी तुमची तुम्ही करा.’ चाळीस वर्षांच्या संसारात कुलदैवतासाठी त्या कितीदा तरी कोकणात गेल्या होत्या. पण दर वेळी पाठ समुद्राकडे आणि तोंड चुलीकडे!

प्रवास एस.टी.ने केला. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले, त्याचा आम्हाला चांगलाच उपयोग झाला. साताऱ्याहून महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, मंडणगड आणि वेळास. गाड्या बदलत, मध्ये चहा घेत दिवस जातो, आणि जाऊ द्यावा. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा आणि सावित्री शेजारी-शेजारी उगम पावतात असे आपण मानतो. कृष्णा आमच्या साताऱ्याजवळून पूर्वेकडे जाते, सावित्री घाट उतरून पश्चिमेला बाणकोटपाशी समुद्राला मिळते. म्हणजे आम्ही एका बहिणीच्या घरून निघून दुसरीच्या सासरी पोचलो म्हणा ना!

रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांत कौलारू घरे. आता या गावाची ओळख कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी माणसे चोरून नेत, उरलेली कुत्री-कोल्ही उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. पहाटे किनाऱ्यावर फिरून अंडी शोधायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरायची. पन्नासेक दिवसांनी पिले वर येतात. सकाळ-संध्याकाळ वरची टोपली उचलून बघतात आणि पिले असली की पाण्याजवळ सोडतात.

संतांच्या अभंगांतून आपण ऐकत आलो की कासवी नुसत्या दृष्टीने पिलांना वाढवते. प्रत्यक्षात ती मागे वळूनसुद्धा बघत नाही! हे ऐकून वहिनी म्हणाल्या, ‘बाई गं, हिला बरं जमतं!’ सगळ्या खळखळून हसल्या. पण संध्याकाळी तळहाताएवढीही नसलेली ती काळी पिले लाटेकडे धडपडत निघाली तेव्हा मात्र कुणी बोलेना. हजारातले एखादेच मोठे होते म्हणतात. लाट यायची, चार पिलांना मागे ढकलायची, ती पुन्हा निघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोणपाटे घेऊन किनारा वेचला. बाटल्या, थर्माकोल, तुटक्या चपला आणि जाळ्यांचे तुकडे. या तुकड्यांत कासवांचे पाय अडकतात, म्हणून ते आधी उचलायचे. दोन तासांत पाच गोण्या भरल्या.

मग दुपारी काहीही केले नाही. खरोखर काही नाही! आमची सोय गावातल्याच एका घरी होती. घरच्या बाईंनी तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी आणि कैरीचे लोणचे वाढले. आमचा विसावा त्यांच्या कष्टांवर उभा होता, हे आम्हाला कळत होते. म्हणून पैसे त्यांच्याच हातात दिले आणि ताटे आमची आम्ही घासली. त्या म्हणाल्या, ‘पाहुणे यायला लागल्यापासून घरखर्चाला मला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.’

रविवारी वाटेत बाणकोटचा किल्ला पाहिला. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले होते. मग वेशवीहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली, बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वराचे दर्शन घेतले आणि महाडमार्गे घरी.

तुम्ही जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा :

• फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. राहण्या-जेवण्याचे आधी कळवा. पिले त्या दिवशी निघतीलच असे नाही, म्हणून दोन मुक्काम ठेवा.

• पिलांना हात लावू नये, फ्लॅश किंवा बॅटरी पाडू नये. ती उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात.

• हरिहरेश्वराची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते. तरी स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय खाली उतरू नये.

• सुती कपडे, पायांत पट्ट्याची चपल, टोपी, हातमोजे आणि रिकामी गोणी. खाण्याचे डबे मात्र नकोत! ओटा घरीच राहू द्या.

समुद्र लांब वाटत असेल तर गावातल्या टेकडीपासून सुरुवात करा. चार जणी जमल्या तरी पुष्कळ. काम जरूर हाती घ्या, त्यात आनंद आहे. पण ते काम विसाव्याची परवानगी म्हणून पुढे करू नका. घरी सांगताना वहिनींसारखे सांगा, ‘मी फिरायला चालले आहे.’ पहिल्यांदा जीभ अडखळेल, घरचे चमकतील. दुसऱ्यांदा ते विचारतील, ‘येताना कोकम आणशील का?’ आणि आमटीचे म्हणाल, तर वहिनींच्या घरी ती झाली होती. खारट, पण झाली होती!