पाण्याची ठेव

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी प्रवासवर्णन लिहू लागला की त्याला आधी खर्च आठवतो. तो मी सांगत नाही, कारण तो ताईने केला. ताई स्पेनमधील ग्रानाडा शहरात संशोधनासाठी चार वर्षे राहते आहे. मे महिन्यात परीक्षा संपल्यावर तिने मला पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले. निघताना आईने शेंगाचटणीचा डबा दिला आणि सोबत एक प्रश्नही दिला : "परत कधी येणार, तेवढं नीट विचारून ये की तिला." डबा पहिल्याच दिवशी ताईच्या हाती दिला. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

ग्रानाडाहून बसने आम्ही कापिलेइरा या डोंगरातल्या खेड्यात गेलो आणि तेथे मुक्काम ठेवला. रोज सकाळी भाकरीऐवजी पाव बांधून घ्यायचा, दिवसभर चालायचे आणि अंधार पडण्याआधी परतायचे, असा बेत होता. सिएरा नेवादा, म्हणजे बर्फाळ डोंगररांग, हिच्या दक्षिण उतारावर हे गाव सुमारे १४३० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जरा खाली लोक घरे बांधून कपडे वाळत घालीत आहेत, असे समजा. याच रांगेतले मुलासेन शिखर ३४७९ मीटरचे आहे. घरे पांढरीशुभ्र, उतारावर एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी. छपरे मात्र सपाट. चेस्टनटच्या तुळया, त्यांवर दगडी फरश्या आणि फरश्यांवर थापलेली 'लाउना' नावाची करडी माती. ती पाणी आत येऊ देत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही खाली बुबिओन आणि तेथून पांपानेइरा या गावांना पायवाटेने गेलो. पांपानेइरा सुमारे १०६० मीटरवर, तेव्हा जाताना मी पुढे होतो. तेथे ताईने संत्री घेतली. दुकानदारीण म्हणाली, "नारांहा." मला एकदम घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. आपले नारिंगच ते! इराणी आणि अरब लोकांच्या तोंडून फिरत फिरत स्पेनपर्यंत पोचलेले. संत्रे सोलताना मी "ताई," अशी सुरुवात केली. "दमलास काय?" तिने विचारले. मी "छे!" म्हणालो आणि प्रश्न तेथेच थांबला. परतीच्या चढणीवर ताई पुढे होती आणि माझे "छे" पार मागे पडले होते.

दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाने वर ला सेबादिया येथे गेलो. विजेच्या केंद्रावरील कामगारांसाठी वसवलेली ही वस्ती आता ओस पडली आहे. दारे मोडलेली, आत गवत वाढलेले. अशा जागी बसून कोणाला "घरी कधी येणार?" असे कसे विचारावे? आम्ही पाव खाल्ला आणि परत आलो.

तिसऱ्या दिवशी पोकेइरा नावाच्या निवाऱ्याकडे जाणारी लांबची वाट धरली. तो निवारा २५०० मीटरवर आहे. माझ्या आळसामुळे निघायला तासभर उशीर झाला. दुपारी ढग उतरले, समोरचे बर्फ दिसेनासे झाले आणि वाटेला दोन फाटे फुटले. मी म्हटले, सरळ खाली उतरू. ताई म्हणाली, "खुळा काय रे? पाटाच्या कडेनं चल. पाणी माणसापर्यंतच जातं."

उतारावर आडवा खोदलेला तो पाट जेमतेम दोन हात रुंद होता. त्याच्या काठाने अर्धा तास गेल्यावर एक म्हातारे गृहस्थ कुदळीने दगड बाजूला करताना दिसले. त्यांनी पाटाची कड मुद्दाम फोडली होती आणि पाणी माळावर पसरून जमिनीत गडप होत होते. मला राहवले नाही. "पाणी वाया चाललंय, सांग की त्यांना," असे मी ताईला म्हटले. तिने सांगितले. म्हातारबुवा पोट धरून हसले.

मग त्यांनी जे सांगितले, ते ताई मला मराठीत सांगत गेली. तेथे आपल्यासारखा पावसाळा नाही. पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. म्हणून बर्फ वितळू लागले की ते पाणी उंचावरच्या पाटांनी वळवून मुद्दाम मुरू द्यायचे. भेगाळ खडकांतून ते सावकाश उतरते आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी खालच्या झऱ्यांना येते. भर उन्हाळ्यात मळे भिजतात ते या पाण्यावर. या रीतीला 'कारेओ' म्हणतात. पाट सिमेंटने बांधून काढले तर गळती थांबते खरी, पण गळतीवर जगणारी झाडे वाळतात आणि झरेही आटतात.

माझ्या वह्यांत गळती नेहमी तोट्याच्या बाजूला लिहिलेली असते. इथे ती मुदत ठेव निघाली!

हे पाट मुसलमानी राजवटीतले. १४९२ मध्ये ग्रानाडा पडले. पुढे धर्मांतर करायला लावलेल्या मोरिस्को लोकांनी १५६८ मध्ये बंड केले. ते मोडले गेले आणि त्यांना या मुलखातून हाकलून उत्तरेकडचे लोक आणून बसवले. नव्या लोकांना पाण्याची कामे येईनात, तेव्हा शिकवण्यासाठी दर गावात दोन मोरिस्को कुटुंबे ठेवून घेतली, असे सांगतात. माणसे गेली, पाट राहिले आणि पाटाचे नावही राहिले. स्पॅनिशमध्ये पाट म्हणजे 'आसेकिया', हा अरबी शब्द. आपल्या गझलेतला साकी याच धातूचा, पाजणारा. आपला कालवा आणि कन्नडमधला कालुवे हेही असेच एका घरचे. शब्दांना हद्दीवर कोणी अडवीत नाही.

आम्ही तिघांनी मिळून पाव आणि शेंगाचटणी खाल्ली. म्हातारबुवांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. त्यांची दोन्ही मुले शहरात असतात आणि या पाटाला पुढे कोण बघणार हे त्यांना ठाऊक नाही. ग्रानाडा विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ पासून विद्यार्थी आणि स्वयंसेवक या डोंगरांतले बंद पडलेले पाट उपसत आहेत. ताईही दोनदा फावडे घेऊन गेली होती. घरी तिने परड्यातला गाळ कधी काढल्याचे मला आठवत नाही!

गावाचे दिवे दिसू लागले तेव्हा मी विचारले, "आई विचारत होती, तू परत कधी येणार?"

ताई बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं तर नाहीच. पुढचं मला खरंच माहीत नाही. आईला खोटं सांगू नकोस. आणि मी तुटले, असंही सांगू नकोस."

त्या रात्री मी घरी फोन लावला आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कारेओचेही सांगावे असे फार मनात होते. पण म्हातारबुवांच्या पाण्याला खालचा झरा ठाऊक असतो. ताईचे तसे आहे की नाही, हे मी कोणत्या आधारावर सांगणार होतो? मी गप्प बसलो. आईही गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "चटणी पुरली का तिला?"

"संपली," मी म्हणालो.

"बरं. पुढच्या खेपेला जास्त करून देते," आई म्हणाली.