चेनकव्हरवरचं नाव

पुण्यात शनिवारवाडा सगळेच बघतात. आम्ही मे महिन्यात गेलो ते कर्वेनगरला, सायकली बघायला! पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. तिथे २०१७ साली सुरू झालेलं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली, मधोमध दुमडणारी बीएसए सायकल बघून माझी लेक तिथून हलेचना.

"आई, ही ऐंशी वर्षं टिकली, मग तुझी का नाही टिकणार?"

झालं! घरी येताच माळ्यावरची माझी शाळेतली सायकल खाली उतरवली. रिमा गंजलेल्या, ब्रेकचे रबर दगडासारखे कडक. मिस्त्रीकाकांनी तारा आवळून चाकं सरळ केली, टायर नवे चढवले. लेकीला हवा होता पिवळा रंग आणि पुढे टोपली. कबूल! पण चेनकव्हर घासता घासता पांढरी अक्षरं दिसली. माझं नाव, माझ्या बाबांनी ब्रशने लिहिलेलं, एक वेलांटी वाकडी. बाबा आता नाहीत. माझा हात थांबला.

"यावर रंग नको गं," लेकच म्हणाली.

चेनकव्हरवर नुसतं वॉर्निश फिरवलं. बाकी सायकल पिवळीधमक. टोपलीसाठी पुढचा दिवा मात्र काढावा लागला.